सूतभर जागा

आमच्या घरी निळ्या काचेची एक ताटली आहे. अम्मीच्या लग्नातली. तिच्यात कधी कुणी जेवलं नाही. वर्षभर ती पेटीत, जुन्या दुपट्ट्यात गुंडाळलेली असायची. ईदच्या दिवशी अम्मी ती खिडकीत उभी करायची. ऊन आरपार आलं, की सारवलेल्या जमिनीवर निळं पाणी सांडल्यासारखं दिसायचं.

मी आलापल्लीचा. आमचं गाव सागवानासाठी नावाजलेलं. २०२३ साली अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी याच जंगलपट्ट्यातलं सागवान गेलं. मोठ्या लाकडाच्या गोष्टी सांगणारे पुष्कळ आहेत. मी सुताराकडे उरलेल्या एका तुकड्याची सांगतो.

अम्मी गेली, ताटली माझ्याकडे आली. म्हटलं, आता ही पेटीत ठेवायची नाही. सागवानाचा तुकडा आणला, खाच पाडली, ताटली घट्ट ठोकून बसवली. दिवस पावसाळ्याचे, लाकूड ओलसर. मे महिन्यात ते वाळलं, पिळलं, खाच आवळली. ताटली ओढून काढायला गेलो, तर कडेचा टवका हातात आला. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

सुतार म्हणाला, ‘‘चाचा, लाकूड कापलं तरी हवेतलं पाणी पितंच. त्याला सूतभर जागा सोडावी लागते.’’

मग त्यानं रीत शिकवली. लाकूड चांगलं वाळलेलं घ्यायचं. दोन सारख्या बाजू कापायच्या. पाठ जरा मागं कललेली, पुढं ताटली अडेल असा बोटभर ओठ. दोन्ही बाजू आडव्या पट्टीनं जोडायच्या. ओठामागची जागा काचेच्या जाडीपेक्षा सूतभर जास्त, आणि आत मखमलीची पट्टी. वाळलेलं सागवान पाण्यावर तरंगतं. काच पाण्याच्या अडीचपट जड. म्हणजे भार सगळा काचेचा. म्हणून पाया मागं लांब हवा, नाहीतर स्टँड ताटलीसकट उलथतो.

शेवटी रेषांच्या दिशेनं पॉलिश पेपर मारायचा आणि जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यायचा. तेलाचं फडकं मात्र चुरगळून टाकू नका, पसरून वाळवा. ते तेल वाळताना तापतं. गोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं.

कुराण वाचायला आम्ही रेहल वापरतो. एकाच फळीतून कोरलेल्या, एकमेकींत अडकलेल्या दोन पाट्या. खिळा नाही, चिकट नाही. लहानपणापासून ती रोज उघडली, मिटली. तिच्या सांध्यातही हलण्यापुरती जागा सोडलेली असते, हे पन्नाशी उलटल्यावर माझ्या ध्यानात आलं. घट्ट धरलं म्हणजे सांभाळलं, अशी माझी समजूत होती. काचेच्या बाबतीत होती, आणि खरं सांगतो, मुलांच्या बाबतीतही.

ताटली आता बारमाही खिडकीत असते. टवका उडालेली कड खाली, दोन ओठांच्या मधोमध ठेवली आहे. पाहुण्यांना ती दिसत नाही. पुसताना माझं बोट मात्र तिथं थांबतंच.