हरीण, शेत आणि आपण
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



व्याख्यानमालेत मला बोलावयास सांगितले तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. मी पंडित नव्हे की अभ्यासक नव्हे. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन वडिलांच्या गादीवर बसलो आणि चाळीस वर्षे कापड मोजत आलो. परंतु गेल्या काही वर्षांत एका प्रश्नाने माझी झोप उडविली, त्याविषयी बोलण्याची अनुमती मिळाली म्हणून आपणापुढे उभा आहे. विषय आहे हरणांमुळे होणाऱ्या शेतीच्या नुकसानीचा.

आपल्या मंदिराचे मूळनायक श्री शांतिनाथ भगवान. सोळाव्या तीर्थंकरांचे लांछन हरीण आहे, हे येथील बालकांनाही ठाऊक आहे. नेमिनाथ प्रभूंची कथाही आपण दरवर्षी ऐकतो. लग्नाच्या वऱ्हाडासाठी कोंडलेल्या प्राण्यांचा आक्रोश कानी पडताच त्यांनी रथ वळविला आणि गिरनारची वाट धरली. ही कथा ऐकताना आपले डोळे पाणावतात. मात्र तो कळप आपल्याच हरभऱ्यात शिरला, तर आपण काय करतो?

कर्जत तालुक्यात माळाला लागून आमची वडिलोपार्जित नऊ एकर जिरायत जमीन आहे. ती एक बटाईदार कुटुंब दोन पिढ्यांपासून कसते. २०१७ च्या रब्बीत हरभरा पेरला. उगवण उत्तम झाली. चार पानांवर पीक आले आणि काळविटांच्या कळपाने तीन रात्रींत पाच एकर साफ केले. बटाईदाराने पुन्हा बी टाकले, तेही कोंब फुटताच गेले. मला हे फोनवर कळले तेव्हा दुकानात लग्नसराईची गर्दी होती. मी म्हणालो, "मुके जनावर आहे, खाऊ दे. आपल्या नशिबाचे आपल्याला मिळेल." असे बोलून मी पुन्हा गिऱ्हाईकाकडे वळलो.

पुढच्याच आठवड्यात त्याने मोटारीच्या पेटीतून तार ओढून बांधाभोवती थेट वीज सोडली. पहिल्याच पहाटे त्याचा स्वतःचा कुत्रा त्या तारेला चिकटून मेला. त्याचा नातू त्याच बांधावरून शाळेला जात असे. मी धावत गेलो, रागावलो, अहिंसेवर बोललो. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "शेठ, हरीण तुमच्या देवाजवळ बसतं, खातं मात्र माझ्या वाट्याचं."

बंधूंनो, त्या वाक्याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. घरी येऊन मी वही उघडली. बियाणे निम्मे-निम्मे. नांगरट, पेरणी, राखण, दोन वेळची मेहनत मात्र सर्व त्याची. नुकसानीचा मोठा भाग त्याच्या खात्यावर पडत होता आणि दयेचे पुण्य मी माझ्या खात्यात जमा करीत होतो. कोणताही मुनीम अशी खतावणी मान्य करणार नाही. शिवाय कृत, कारित आणि अनुमोदित असा हिंसेचा विचार आपल्याकडे केला जातो. ती तार माझ्या जमिनीवर होती. मी ती लावली नव्हती, लावण्यास सांगितलीही नव्हती. परंतु त्याला दुसरा मार्ग न देता मी दुकानात बसून राहिलो होतो. ह्यातून मी कितपत सुटतो, हे गुरुजनांनीच सांगावे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. शास्त्रज्ञांच्या मते काळवीट हे खरे हरीण नव्हे, तो कुरंग. हरणाची म्हणजे सारंगाची शिंगे दरवर्षी गळून नवी येतात, कुरंगाची कायम राहतात. बोलीभाषेत आपण दोघांनाही हरीणच म्हणतो. काळवीट हा मोकळ्या माळाचा प्राणी. आखूड गवत, दूरवर दिसणारे क्षितिज आणि धावण्यास जागा एवढे त्याला हवे असते. दाट झाडीत त्याचे मन रमत नाही. आपल्याकडे रेहेकुरी अभयारण्य १९८० मध्ये झाले, त्याचे क्षेत्र अवघे २.१७ चौरस किलोमीटर आहे. कळपांना त्याची सीमा कोण सांगणार? भोवतालचे माळ सरकारदप्तरी 'पडीक' ठरले. कोठे नांगर फिरला, कोठे पाटाचे पाणी येऊन ऊस उभा राहिला, कोठे प्लॉट पडले. गवत संपले आणि कोवळा हरभरा समोर आला. कळपावर अंकुश ठेवणारा लांडगाही विरळ झाला.

येथे एक अप्रिय गोष्ट बोलतो, क्षमा असावी. आपल्या ट्रस्टने रौप्यमहोत्सवी वर्षात माळावर मोठ्या हौसेने गिरिपुष्पाची रोपे लावली होती. मीही कुदळ मारतानाचा फोटो काढून घेतला होता. हेतू शुद्ध होता. परंतु गवताळ माळावर झाडी वाढविली की हरणाचे कुरण कमी होते, हे तेव्हा आपल्या गावी नव्हते.

काही जण म्हणतात, मारण्याची परवानगी द्यावी. त्यांना मी दुष्ट समजत नाही, त्यांचे पीक गेलेले असते. बिहारमध्ये २०१६ साली मोकामा भागात बाहेरून नेमबाज आणून दोनशेहून अधिक नीलगाई मारण्यात आल्या. ह्यावर देशभर वाद झाला. काळविटाच्या बाबतीत मात्र कायदा स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तो आहे, आणि पीक खाल्ले ह्या कारणावरून त्याला मारण्याची परवानगी मिळू शकत नाही. तेव्हा धर्म बाजूला ठेवला तरी उपाय राखणीचाच शोधावा लागतो.

डबे वाजविणे, बुजगावणे, फटाके हे सर्व आम्ही करून पाहिले. चार दिवस कळप बिचकतो, पाचव्या दिवशी बुजगावण्याच्या सावलीत चरतो. बांधाकडेने करडईचे पाटे घेण्याची जुनी रीत चांगली आहे, काटेरी पिकातून जनावर आत येण्यास कचरते. पण करडईला काटे येईपर्यंत हरभऱ्याचा नाजूक काळ निघून जातो, आणि कोवळी करडई तर माणसेही भाजी करून खातात! काटेरी तारेचे कुंपण मला मान्य नाही. भेदरलेले जनावर त्यात फाटते.

त्यानंतर आला माझ्या धंद्यातला उपाय. खेड्यातली गिऱ्हाइके जुन्या, डाग पडलेल्या साड्या गठ्ठ्याने मागू लागली, तेव्हा मला नवल वाटले होते. शेताभोवती साड्या बांधतात, असे कळले. आडोशापलीकडे काय आहे ते न दिसल्याने हरीण सहसा उडी घेत नाही, आणि वाऱ्याने हलणारे कापड त्याला संशयित करते. मी दुकानातला अडकून पडलेला माल काढला. सुती साडी पावसात कुजते, नायलॉन किंवा पॉलिस्टर टिकते. पाचवारीची लांबी साडेपाच मीटर धरली, तर चौरस एकराच्या २५४ मीटर घेराला सुमारे शेहेचाळीस साड्या लागतात. मात्र नऊ एकर एकत्र घेतले की घेर ७६३ मीटर होतो, म्हणजे एकरी पंचाऐंशी मीटर. आणखी तिघा शेजाऱ्यांनी तेवढीच जमीन जोडून छत्तीस एकरांना एकच कुंपण केले, तर एकरी बेचाळीस मीटर पुरतात. हा हिशेब मी बांधावर बसून शेजाऱ्यांना दाखविला. दोघे तयार झाले. तिसऱ्याचे आणि आमच्या बटाईदाराचे बांधावरून जुने भांडण आहे, ते अद्याप मिटलेले नाही.

साड्या ताणून आणि खाली जमिनीलगत बांधाव्या. लोंबती चिंधी शिंगात अडकते. काढणी झाली की कुंपण उतरवावे, अन्यथा उन्हाने विरलेले तुकडे विहिरीत जातात. आणि हा उपाय एका हंगामाचा आहे, हे प्रामाणिकपणे सांगतो. पुढे जनावर सरावते.

म्हणून तिसऱ्या वर्षी आम्ही सौर कुंपण, ज्याला शेतकरी झटका मशीन म्हणतात, ते बसविले. त्यात क्षणभराचा धक्का थांबून थांबून बसतो, जीव जात नाही. मोटारीच्या पेटीतून सोडलेली वीज आणि हे यंत्र ह्यांत जीवन-मरणाचे अंतर आहे. काळवीट उडी मारण्यापेक्षा खालून वाकून जाणे पसंत करतो, म्हणून सर्वांत खालची तार जमिनीपासून जेमतेम फूटभर ठेवली. तारेखालचे गवत कापावे लागते, नाहीतर धक्का गवतातच जिरतो. खर्च मी केला आणि तो बटाईच्या हिशेबात धरला नाही. ओढ्याकडेची पट्टी मुद्दाम मोकळी सोडली, कारण कळपाची पाण्याची वाट तीच आहे. शेतातल्या विहिरीला कठडा बांधला.

त्यानंतर नुकसान थांबले का? थांबले नाही. कमी झाले. २०२१ मध्ये बॅटरी उतरली आणि एका रात्रीत तुरीचे दोन एकर गेले.

अशा वेळी शासनाची भरपाई आहे. नुकसान झाल्यापासून तीन दिवसांच्या आत वनाधिकाऱ्याकडे अर्ज द्यावा लागतो, मग पंचनामा होतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने पीक विम्यातही वन्यप्राण्यांमुळे होणारे नुकसान २०२६ च्या खरिपापासून घेण्याचे जाहीर केले, त्यासाठी ७२ तासांत सूचना देण्याची अट आहे. परंतु येथे एक मेख आहे. सात-बारावर नाव माझे, घाम दुसऱ्याचा. त्यामुळे भरपाई माझ्या खात्यात जमा झाली. आपल्यापैकी अनेकांच्या जमिनी बटाईने आहेत, म्हणून विचारतो, अशी रक्कम आली तेव्हा आपण ती कोणाला दिली? मी पहिल्या वेळी निम्मी ठेवली होती. ती चूक पुढच्या दिवाळीत दुरुस्त केली.

शेवटी विश्वस्त मंडळापुढे दोन विनंत्या ठेवतो. जीवदया खात्यातून आपण पांजरपोळास मदत करतो, ती चालूच राहावी. त्याच खात्याचा काही भाग माळालगतच्या लहान शेतकऱ्यांच्या सौर कुंपणासाठी द्यावा. शेतकरी कोणत्या समाजाचा आहे ते पाहू नये, आणि चार शेतकरी एकत्र आले तर प्रथम त्यांना द्यावे. दुसरी विनंती भगिनींना. घरातल्या नायलॉनच्या जुन्या साड्या आश्विन संपण्यापूर्वी उपाश्रयात आणून द्याव्यात. हरभरा उगवण्याआधी त्या बांधल्या गेल्या पाहिजेत. जरीकाठाच्या कृपया आणू नयेत, त्या काट्यात अडकून लवकर फाटतात. आणि भांडीवाल्याकडे त्यांचा भाव बरा येतो.

बोलण्यात काही अविनय झाला असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र.