पावाचा आडाखा आणि फाटकावरचा माणूस



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे असा रिवाज आहे. माझी शाळा सातवीला सुटली. पुढचे शिक्षण झाले ते बेकरीच्या रात्रपाळीत आणि नगर वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा अन्नधंद्यातील कृत्रिम बुद्धिमत्ता हा विषय चिटणिसांनी माझ्याकडे का दिला, याचे मलाही नवल वाटले. परंतु गेली तीस वर्षे मी पाव-बिस्किटांच्या कारखान्यांतून कामगारांची संघटना करीत आलो आहे. उद्या पाव किती खपेल, या एका आकड्यावर त्यांची चूल अवलंबून असते, एवढे मला ठाऊक आहे. तेवढ्याच शिदोरीवर बोलतो.

पाव हा मोठा नाशिवंत माल. पीठ मळून ते फुगावयास तास लागतात. दुकानदाराची मागणी आल्यावर कामाला लागू म्हणून भागत नाही. आदल्या दिवशीच कोणी तरी आकडा सांगावा लागतो. मी कामाला लागलो तेव्हा तो आमचे डिस्पॅचचे कारकून सांगत. ते पंचांग पाहत, आभाळ पाहत, शाळांच्या सुट्ट्या विचारीत आणि गाडीवरची पोरे परत आली की त्यांच्याशी दोन शब्द बोलत. आषाढी एकादशीला इतके कमी, पगाराच्या आठवड्यात इतके जास्त, पावसाची झड लागली की वडापावच्या गाड्या लागणार नाहीत म्हणून तितके वजा. ते चुकत नसत असे नव्हे. चुकले की दुसऱ्या दिवशी मालकाच्या शिव्या खात. पण चुकले कोण, हे सर्वांना ठाऊक असे.

आता हा आकडा यंत्र सांगते. त्याला मागील दोन-चार वर्षांची विक्री, वार, किंमत, हवामान, सवलतीच्या योजना असे सारे खाऊ घालतात आणि ते त्यातून खुणा शोधते. यात जादू नाही, आणि थोतांडही नाही. 2020 साली अंदाजशास्त्राची एक मोठी जागतिक स्पर्धा झाली. वॉलमार्टच्या अमेरिकेतील 10 दुकानांतील 3,049 वस्तूंची विक्री आधीच सांगावयाची होती. त्यांत खाद्यपदार्थ मोठ्या संख्येने होते. साडेपाच हजार स्पर्धक-संघ उतरले. पहिल्या आलेल्याची चूक जुन्या उत्तम पद्धतीपेक्षा वीस टक्क्यांहून अधिक कमी होती. मात्र त्या जुन्या पद्धतीला मागे टाकणारे संघ शंभरात आठसुद्धा नव्हते! त्या आकडेवारीत आणखी एक गोष्ट होती. गरिबांना सरकारी अन्नसाहाय्य कोणत्या तारखांना वापरता येते, तेही यंत्राला सांगितले होते. गरिबाच्या हातात पैसा कोणत्या दिवशी येतो, हे आमच्या कारकुनाप्रमाणे त्या यंत्रालाही कळावे लागते.

मी यंत्राचा वैरी नव्हे. राष्ट्रसंघाच्या पर्यावरण कार्यक्रमाने 2024 साली प्रसिद्ध केलेल्या हिशेबाप्रमाणे, 2022 साली जगात 105 कोटी टन अन्न वाया गेले. त्यातले सुमारे 13 कोटी टन दुकानांतून. भट्टीपाशी घाम गाळून केलेला पाव उकिरड्यावर जाताना कामगाराइतके कोणाला वाईट वाटत असेल? आडाखा सुधारत असेल तर सुधारावा.

पण यंत्राच्या दोन खोडी मी जवळून पाहिल्या. आमच्या एका कारखान्यात, नाव सांगत नाही, 2022 साली हे यंत्र बसले. पुढच्या वर्षी अधिक श्रावण आला. निज श्रावण 17 ऑगस्टला लागला. यंत्राला गेल्या सालच्या तारखा पाठ. त्याने जुलैअखेरीसच अंड्याच्या केकचा आकडा उतरवला आणि खरा श्रावण ऐन भरात असताना चढवला. निवृत्त झालेल्या कारकुनाला विचारले असते तर त्यांनी भिंतीवरचे कॅलेंडर पाहून सांगितले असते. पुढे पंचांगही यंत्रात घातले, हे कबूल केले पाहिजे. दुसरी खोड अधिक खोल आहे. दुकानातला पाव सकाळी दहालाच संपला, तर वहीत विक्री तेवढीच दिसते. रिकाम्या फळीपुढून परत गेलेले गिऱ्हाईक वहीत नसते. ते निराळे मोजले नाही, तर यंत्र समजते की मागणीच तेवढी.

आणि आता मूळ मुद्दा. यंत्र अंदाज देते. माल किती करावयाचा हे तराजू ठरवतो. समजा, एका लादीवर नफा 4 रुपये आणि ती न खपल्यास तोटा 12 रुपये. मग गणित सांगते की चारांतले तीन दिवस माल कमी पडला तरी चालेल, फायदा त्यातच आहे. गणित बरोबर आहे. पण या तराजूला पारडी दोनच: उरलेला माल आणि हुकलेला नफा. बुडालेल्या रोजाचे तिसरे पारडे त्याला कोणी लावलेलेच नाही.

रात्री बाराला यंत्र आकडा बदलते. सकाळी सातच्या पाळीला पॅकिंगच्या चाळीस कंत्राटी बाया बोलावलेल्या असतात, लागतात सव्वीस. चौदाजणी बसभाडे खर्चून फाटकावरून परत. एकीने मला विचारले, "दादा, मशीन चुकली तर मशीनचा खाडा धरतात का?"

कायदा काय म्हणतो? 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात होते, आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे, की हजेरीपटावरचा कामगार नेमल्या वेळी हजर झाला आणि दोन तासांत काम मिळाले नाही, तर त्याला त्या दिवशी ले-ऑफ दिल्याचे समजावे. भरपाई निम्मी, तीही वर्षभर सलग नोकरी झालेल्याला. बदली आणि नैमित्तिक कामगार तीतून वगळलेले, पन्नासांहून कमी माणसांचा कारखाना वगळलेला. फाटकावरची बाई बहुधा या सगळ्या चाळण्यांतून खाली पडते. न्यूयॉर्क शहराने 2017 साली फास्ट फूडच्या दुकानांसाठी कायदा केला: कामाच्या वेळा चौदा दिवस आधी सांगा, नंतर बदलल्यास कामगाराला जादा पैसे द्या. तिथे अंदाजाच्या चुकीला किंमत लागली. यंत्रे त्यामुळे बंद पडली नाहीत.

मागणी हा शब्द आमच्याही धंद्यातला आहे! आमच्या मागणीपत्रात आम्ही दोन कलमे घातली. उद्याचा आकडा संध्याकाळी सहाला फाटकावरच्या फळ्यावर लिहावा; आणि बोलावून परत पाठवलेल्या प्रत्येकाला, तो कंत्राटी असो की कायम, अर्धा रोज आणि बसभाडे द्यावे. पहिले कलम व्यवस्थापनाने महिन्याभरात मान्य केले. फळा लागला आहे, खडूही कारखान्याचाच. दुसऱ्या कलमावर कामगार आयुक्तांपुढे तीन तारखा झाल्या. चौथी पुढच्या महिन्यात आहे.