संशोधनाची वाट आणि वयाची अट

(विद्यार्थिनींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी रसायनशास्त्र शिकवते. एम.एस्सी.च्या वर्गात माझ्यासमोर मुलीच जास्त असतात. उच्च शिक्षणाच्या २०२०-२१ च्या सरकारी पाहणीतही पदवीला विज्ञान शिकणाऱ्यांत देशभर निम्म्याहून अधिक मुली होत्या. पण २०१८ साली प्रत्यक्ष संशोधन करणाऱ्यांत स्त्रिया होत्या शेकडा १६.६. मग बाकीच्या गेल्या कुठे?

‘बायकांना झेपत नाही’ हे उत्तर जुने आहे. १९३३ मध्ये कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, यांना बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सर सी. व्ही. रामन यांनी केवळ बाई म्हणून प्रवेश नाकारला. त्या अडून बसल्या. अटी घालून का होईना, प्रवेश मिळाला. १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली.

आज दार असे उघडपणे बंद होत नाही. आज आडवे येते वय. एम.एस्सी. होताना मुलगी बावीस-तेवीसची असते. मग नेट, फेलोशिप, पीएच.डी., पोस्ट-डॉक. कायम नोकरी मिळेपर्यंत तिशी उलटते. नेमकी हीच वर्षे घराने तिच्या लग्नासाठी आणि बाळंतपणासाठी राखून ठेवलेली असतात. तिच्या भावाची तीच वर्षे मात्र करिअरची! मुलाखतीत ‘लग्नाचं काय ठरलंय?’ असे मला विचारले गेले. माझ्याबरोबरच्या मुलांना नाही.

म्हणून नियम माहीत हवेत. सीएसआयआर-यूजीसी नेटच्या फेलोशिपसाठी स्त्रियांना वयात पाच वर्षांची सवलत आहे. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.साठी स्त्रियांना दोन वर्षे जादा मिळू शकतात. त्या काळात बाळंतपण व बालसंगोपनासाठी एकूण २४० दिवसांपर्यंत रजा घेता येते. जानेवारी २०२३ पासून ज्युनिअर रिसर्च फेलोशिप दरमहा ३७,००० रुपये झाली. घरी हा आकडा जरूर सांगा. ‘अजून किती शिकणार?’ असे विचारणाऱ्यांना कळू दे, की हे कामच आहे आणि त्याचे पैसे मिळतात.

मार्गदर्शक निवडण्याआधी त्यांच्या जुन्या विद्यार्थिनींना भेटा. किती जणींची पीएच.डी. पुरी झाली? फेलोशिपच्या कागदांवर सह्या वेळेवर होतात का? रात्री प्रयोगशाळेतून वसतिगृहावर परतायची सोय काय? एकाच माणसाच्या सहीवर पाच-सहा वर्षे अवलंबून असतात, तेव्हा त्रास झाला तरी मुली गप्प बसतात. लैंगिक छळाविरुद्धचे यूजीसीचे २०१५ चे नियम विद्यार्थिनींनाही लागू आहेत. तक्रार समितीत कोण कोण आहे, हे पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या.

मात्र रजेचा नियम झाला, म्हणून रात्री प्रयोग चालू असताना मूल कोण सांभाळणार हा प्रश्न सुटत नाही. तो घरातच सोडवावा लागेल, नवऱ्याबरोबर, आणि शक्यतो लग्न ठरवतानाच.

संघटनेकडे माझे एक मागणे आहे. फेलोशिपच्या जाहिराती आणि अर्जांच्या तारखा आपल्या केंद्रातल्या फळ्यावर लावा. आणि एखादी मुलगी रजेचा किंवा तक्रारीचा अर्ज घेऊन निघाली, तर तिच्याबरोबर आपल्यापैकी एकीने तरी जा.