अस्मानी, सुलतानी आणि कारागिराचा हात
(अकलूज येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



नीरेच्या काठचा इथला किल्ला आपण सर्वजण लहानपणापासून पाहत आला आहात. विजापुरात प्लेगने थैमान घातले म्हणून डिसेंबर १६८८ मध्ये औरंगजेबाने विजापूर सोडले आणि त्याची छावणी या अकलूजला येऊन पडली. फेब्रुवारी १६८९ मध्ये संगमेश्वरी छत्रपती संभाजी महाराज पकडले गेल्याची वार्ता त्याला इथेच मिळाली. या गावाचे नाव बदलून असदनगर ठेवले गेले. ते नाव टिकले नाही, अकलूज टिकले.

इतका इतिहास इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. पण एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. बादशहा इथून बहादूरगडाकडे निघून गेला, छावणी उठली, त्यानंतर गावात कोण उरले? कुंभाराच्या आव्याला जळण कुठून मिळाले? तेल्याच्या घाण्याचा बैल कोणाच्या गाडीला जुंपला गेला? कोष्ट्याने मागावरचे अर्धे लुगडे पुरे केले की तसेच कापून घेतले आणि रातोरात गाव सोडले? या प्रश्नांची उत्तरे बखरीत नाहीत, अखबारात नाहीत आणि आपल्या ऐतिहासिक कादंबरीतही नाहीत.

मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून रामचंद्र भिकाजी गुंजीकरांच्या ‘मोचनगड’चा मान मोठा. ती १८७१ सालची. त्यानंतर हरिभाऊ आपटे, नाथमाधव अशी परंपरा चालत आली. रणजित देसाईंच्या ‘स्वामी’ने १९६२ मध्ये आणि विश्वास पाटलांच्या ‘पानिपत’ने १९८८ मध्ये घराघरांत वाचक निर्माण केला. या लेखकांचे मराठी मनावर ऋण आहे, याबद्दल दुमत नाही. परंतु दीडशे वर्षांच्या या वाटचालीत कथानायक बहुधा गडावर राहिला. तलवार ज्याने चालवली तो नायक झाला. ती तलवार ज्याने घडवली तो पडद्यामागे राहिला. त्याची कादंबरी अद्याप लिहिली जायची आहे, आणि तिची सामग्री परमुलखात शोधण्याचे कारण नाही. ती या भीमा-नीरेच्या परिसरातच विखुरलेली आहे.

आपल्या भाषेत ‘अस्मानी-सुलतानी’ असा एक जोडशब्द आहे. आकाशातून कोसळणारे संकट आणि राज्यकर्त्याकडून कोसळणारे संकट, ही दोन्ही मराठी माणसाने एका दमात उच्चारली, कारण ती त्याच्या वाट्याला वेगवेगळी आलीच नाहीत. याची साक्ष १६३० ते १६३२ या वर्षांनी दिली आहे.

१६३० मध्ये पावसाने दगा दिला. गुजरात, खानदेश आणि दख्खन होरपळून निघाले. १६३१ मध्ये गुजरातेत पाऊस आला तो अतिवृष्टी होऊन, आणि पाठोपाठ रोगराई आली. शाहजहानचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी लिहितो की, हाडांची पूड पिठात मिसळून विकली जात होती. याच वर्षांत मोगल फौजा निजामशाही मुलखात उतरल्या होत्या. आपल्यापासून फार दूर नसलेल्या परांड्याला त्यांनी वेढा घातला आणि दाणा-वैरण मिळेना म्हणून तो उठवला. फौजेलाच वैरण मिळाली नाही, तिथे फौजेच्या वाटेवरच्या गावांचे काय झाले असेल! पुण्याचीही त्याच सुमारास राखरांगोळी झाली.

बादशहाने बऱ्हाणपूर, अहमदाबाद आणि सुरत येथे अन्नछत्रे उघडली, बऱ्हाणपुरात दर सोमवारी पाच हजार रुपये वाटले, साराही काही अंशी माफ केला. हेही सांगितले पाहिजे. पण साऱ्याची माफी शेतकऱ्याला. कारागिराला कोणती माफी?

दुष्काळ कारागिराला कसा मारतो, हे नीट समजून घेतले पाहिजे. बलुतेदाराला मजुरी रोख मिळत नसे. वर्षभर नांगर, फाळ, मोट, मडकी पुरवायची आणि सुगीला खळ्यावर जाऊन धान्याचा वाटा घ्यायचा, असा तो व्यवहार. खळेच पडले नाही तर वर्षभराचे श्रम बुडाले. पुढच्या वर्षी पेरणीला बैल नाहीत म्हणजे लोहाराकडे फाळ शेवटायला येणारा कोणी नाही. विणकराचे दुःख आणखी निराळे. सुताच्या ताण्याला जी खळ द्यावी लागते ती पिठाची. घरात मूठभर पीठ उरले असता ते ताण्याला लावायचे की पोराच्या तोंडात घालायचे? खळ नसेल तर सूत तुटते, पोर उपाशी राहिले तर घर तुटते. सुरतेच्या वखारीतील इंग्रज आणि डच व्यापाऱ्यांनी तेव्हा तक्रार केली की, विणकर मेले किंवा परागंदा झाले, कापड मिळत नाही. त्यांच्या हिशेबवहीत ती मालाची टंचाई होती. कादंबरीकाराला त्यात एक घर दिसायला हवे.

याच दुष्काळात देहूच्या एका वाण्याचे दिवाळे निघाले, त्याची पत्नी अन्नावाचून गेली, मूलही गेले. तो वाणी म्हणजे आपले तुकोबाराय. त्यांची वाणी टिकली म्हणून ते घर आपल्याला माहीत आहे. ज्यांची टिकली नाही अशा घरांना मात्र मोजदाद नाही.

पन्नास वर्षांनी हेच चक्र अधिक क्रूरपणे फिरले. एप्रिल १६७९ मध्ये औरंगजेबाने जिझिया पुन्हा लागू केला. निराधारांना सूट होती, पण ज्याच्या हाताला काम आहे त्या गरीब हिंदूला खालच्या वर्गाचे बारा दिरहम, म्हणजे तीन रुपयांहून थोडे अधिक, भरावे लागत. शहरातल्या साध्या मजुराची ही जवळजवळ महिन्याची कमाई. श्रीमंताला हा कर बोचत असेल, गरिबाला तो कापत होता. आणि केवळ आपल्या धर्मात राहिल्याबद्दल तो द्यावा लागे, हा अपमान वेगळाच. मालावरच्या जकातीतही १६६५ पासून मुसलमान व्यापाऱ्याला अडीच टक्के आणि हिंदूला पाच टक्के असा भेद होता. व्यापाऱ्याचा हा भुर्दंड शेवटी विणकराच्या दरातून वसूल झाला नसेल, असे कोण म्हणेल?

मग बादशहा स्वतः दख्खनेत आला आणि त्याच्याबरोबर एक चालते शहरच आले. इटालियन प्रवासी जेमेली करेरी याने १६९५ मध्ये ही छावणी पाहिली आणि तिचा घेर तीस मैलांचा सांगितला. त्याच वर्षापासून १६९९ पर्यंत ती भीमेकाठी ब्रह्मपुरीला, म्हणजे आपल्या मंगळवेढ्याजवळ, ठाण मांडून होती. पंढरपूर तिथून हाकेच्या अंतरावर; विठ्ठलाची मूर्ती देगावला हलवून राखावी लागली. देवाला गाव सोडावे लागले तिथे गंध-बुक्का विकणारा, टाळ घडवणारा, तुळशीमाळेचे मणी कातणारा कुठे गेला असेल? ऑक्टोबर १७०० मध्ये खवासपूरला माण नदीच्या कोरड्या पात्रात व काठावर छावणी असता रात्री अचानक लोंढा आला. बादशहाचा गुडघा निखळला व तो कायमचा लंगडा झाला, हे इतिहासाने नोंदवले. त्या रात्री वाहून गेलेल्या सामान्य माणसांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत.

१७०२ ते १७०४ या काळात अवर्षण आणि साथ मिळून दख्खनेत वीस लाखांवर माणसे मेल्याचे मनुची लिहितो. आणि १७०४ मध्ये युद्ध व दुष्काळापायी दख्खनेतला जिझिया स्थगित करावा लागला. सुलतानीने अस्मानीपुढे हात टेकले, असा हा प्रसंग आहे. कर माफ झाला तेव्हा तो भरणारा उरला होता का, हा प्रश्न एखाद्या कादंबरीचा शेवट होऊ शकेल.

एवढे सारे घडूनही कारागिराची कहाणी का उरली नाही? उत्तर साधे आहे. शेतकऱ्याची मत्ता जमिनीत असते; तो परागंदा झाला तरी वतनासाठी परततो, भांडतो, त्यातून कागद निर्माण होतो. कारागिराची मत्ता त्याच्या हातात असते. हात बरोबर घेऊन तो निघून जातो आणि मागे कागद राहत नाही. याला एक सुंदर अपवाद आहे. लाट देशातले, म्हणजे दक्षिण गुजरातेतले रेशीमविणकर माळव्यात दशपुरास, आजच्या मंदसोरला, जाऊन राहिले. इसवी सन ४३७ च्या सुमारास त्यांनी तिथे सूर्यमंदिर उभारले, ४७३ च्या सुमारास त्याचा जीर्णोद्धार केला आणि वत्सभट्टी नावाच्या कवीकडून शिलालेख रचून घेतला. प्रवासात सोसलेल्या हालांचा त्यात उल्लेख आहे, आणि काहींनी माग सोडून दुसरे व्यवसाय धरले हेही प्रांजळपणे सांगितले आहे. आपल्या श्रेणीचा इतिहास विणकरांनी स्वतः दगडात कोरून ठेवला. मराठी विणकराला असा शिलालेख लाभला नाही. त्याची जागा कादंबरीला भरून काढायची आहे.

मात्र ही कादंबरी लिहिणाऱ्याने सत्याशी प्रतारणा करू नये. पुण्यावर गाढवाचा नांगर फिरवणारा मुरार जगदेव हा विजापूरकरांचा हिंदू सरदार होता. मोगलांची रसद तोडताना मराठी फौजांनी वैरण जाळली, तेव्हा झळ गावालाही लागली. आणि अन्नावाचून तडफडणाऱ्या मोमीन विणकराला अस्मानीने त्याचा धर्म विचारला नव्हता. जिझिया जुलमी होता हे निःसंदिग्ध सांगावे, आणि हेही सांगावे. एकच बाजू रंगवली तर घोषणा तयार होते, माणूस तयार होत नाही. आणि ज्या कारागिराला एकदा इतिहासाने वगळले, त्याला दुसऱ्यांदा घोषणेने वगळल्यासारखे होते.

मग स्वराज्य या माणसाच्या दृष्टीने काय होते? ७ डिसेंबर १६७१ चे शिवछत्रपतींचे एक पत्र आहे, कुडाळच्या नरहरी आनंदराव सुभेदारांना लिहिलेले. पोर्तुगीजांच्या बारदेशातून स्वस्त मीठ येते, त्यामुळे आपल्या मुलखातील मिठाचा धंदा बुडेल, सबब त्या मिठावर जबर जकात बसवा, असा त्याचा आशय. राज्याची जकात श्रद्धेवरून कमी-जास्त करणारी एक राजवट आणि मिठागरावर राबणाऱ्याचे पोट राखण्यासाठी जकात बसवणारी दुसरी राजवट, या दोन्ही एकाच दशकाच्या आगेमागे आहेत. स्वराज्याचा अर्थ गडावरून जितका दिसतो तितकाच मिठागरातूनही दिसतो.

या कथेचा शेवटचा अध्याय आपल्या जिल्ह्यातला आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात सोलापूरचे माग थंडावले. सरकारी मदत म्हणजे खडी फोडणे. पण विणकराची बोटे हेच त्याचे हत्यार. तुटलेला धागा स्पर्शाने ओळखणाऱ्या त्या बोटांना हातोडीने घट्टे पडले की दुष्काळ संपल्यावरही तो विणकर राहत नाही. लोकमान्य टिळकांनी हे ओळखले. ते सोलापुरास गेले, स्थानिक मंडळींशी विचारविनिमय करून विणकरांना साजेसे साहाय्य देण्याची योजना त्यांनी आखली. सरकारने साथ दिली नाही आणि ती योजना तशीच राहिली. पण त्यामागचे सूत्र आजही खरे आहे: कारागिराला जगवायचे तर त्याचा हात जगवला पाहिजे.

अकलूजकरांनो, दर आषाढीला सराटीजवळ नीरेत तुकोबांच्या पादुकांना स्नान घडते, पालखी अकलूजला येते, रिंगण रंगते. त्या पालखीमागे चालणाऱ्या परंपरेत तेरचे गोरोबा कुंभार आहेत, पंढरीचे नरहरी सोनार आहेत, नामदेव शिंपी आहेत. मंगळवेढ्याचे कुसू बांधताना १३३८ मध्ये ज्यांच्या अंगावर भिंत कोसळली ते चोखोबा आहेत. या हातांनी मडके घडवताना, सुई ओढताना, दगड उचलताना अभंग रचले, म्हणून त्यांची नावे उरली. त्याच भिंतीखाली चोखोबांबरोबर आणखी मजूर गाडले गेले होते.

इथल्या तरुण लेखकाने गडावर जाण्यापूर्वी एकदा सोलापुरात एखाद्या जुन्या मागाशेजारी दिवसभर बसावे. ताणा कसा भरतात, धोटा कसा फेकतात, फणी कशी ओढतात ते पाहावे, हाताने करून पाहावे. तेवढे झाल्यावर मग चिटणिशी दप्तराकडे वळावे. अस्मानी आणि सुलतानी या दोहोंतून जो हात वाचून आपल्यापर्यंत पोहोचला, त्या हाताची गोष्ट त्या मागाशीच सुरू होते.