रेघ आणि ‘ते’



 भाषेचे भवितव्य, यंत्रानुवाद, शब्दकोश अशा मोठ्या विषयांवर या परिषदेत चर्चा होईलच. मी मात्र एका आडव्या रेघेबद्दल बोलणार आहे. हॉटेलचे आरक्षण, रजेचा अर्ज, परीक्षेचे वेळापत्रक, विम्याची मुदत, अशा ठिकाणी मोबाइलच्या मराठी पडद्यावर दोन तारखांमधला काळ बहुधा ‘१०–१५ ऑगस्ट’ असा उमटतो. माझे म्हणणे एवढेच, की तिथे ‘१० ते १५ ऑगस्ट’ असायला हवे. हा भाषाभिमानाचा प्रश्न नाही. त्या रेघेला मराठीत आधीच वेगळी कामे लागलेली आहेत, म्हणून मी हे म्हणतो.

यंत्र हा मजकूर कसा जुळवते ते आधी पाहू. कोणत्या भाषेत तारीख कशी लिहायची, याची माहिती ‘सीएलडीआर’ नावाच्या सामायिक भांडारात साठवलेली असते. २००४ पासून हे भांडार युनिकोड संस्थेकडे आहे, आणि आपले फोन, ब्राउझर व संगणकप्रणाली त्यातूनच नमुने उचलतात. कालावधीचे नमुने त्यात वेगळे ठेवले आहेत. दोन तारखांमधला सर्वांत मोठा फरक कशात आहे, हे यंत्र प्रथम पाहते: वर्षात, महिन्यात की नुसत्या दिवसात. महिना आणि वर्ष एकच असेल तर ते एकदाच लिहायचे, हे त्यावरून ठरते. अमेरिकी इंग्रजीत महिना पुढे असल्यामुळे मांडणी ‘ऑगस्ट १० – १५, २०२४’ अशी होते. जर्मनमध्ये दिवस पुढे येतो आणि त्याच्या आकड्यापाठी टिंब लागते. चिनी नमुन्यांत ‘पर्यंत’ या अर्थाचे अक्षर मध्ये बसते, तर जपानीत नागमोडी रेघ. योग्य नमुना सापडलाच नाही तर दोन्ही तारखा पूर्ण लिहून त्या एका सर्वसाधारण साच्यात जोडल्या जातात. २०२१ च्या जावास्क्रिप्ट प्रमाणकात कालावधी छापण्याची सोय आल्यापासून वेबसाइट बांधणाऱ्यालाही हे नमुने सहज वापरता येतात. यातून एक गोष्ट स्पष्ट व्हावी: रेघेऐवजी शब्द असला तरी यंत्राचे काही अडत नाही. मध्ये काय ठेवायचे, हे त्या त्या भाषेने सांगायचे असते.

आता मराठीतल्या रेघेची कामे पाहा. ‘दहा-पंधरा दिवसांत येतो’ असे कोणी म्हटले तर आपण कॅलेंडरवर खुणा करत नाही, कारण तो अंदाज असतो. ‘दोन-तीन माणसे’, ‘जून-जुलैकडे बघू’ हेही तसेच. संख्यांची जोडी आणि मध्ये रेघ म्हणजे ‘साधारण इतके’, हा अर्थ मराठी वाचकाच्या कानात पक्का आहे. रेघेचे दुसरे काम दोन गोष्टींची मोट बांधण्याचे. ‘२०२३-२४’ हे १ एप्रिलला सुरू होऊन ३१ मार्चला संपणारे एकच आर्थिक वर्ष आहे, तर ‘२०२३ ते २०२४’ म्हटले की दोन वर्षे डोळ्यांपुढे येतात. मुंबईत लोकलच्या ब्लॉकची सूचना ‘शनिवार-रविवार मध्यरात्री’ अशी येते तेव्हा ती रात्र एकच असते; दोन वारांच्या सांध्यावर असल्यामुळे ती दोघांच्या नावाने ओळखली जाते. ‘शनिवार ते रविवार’ लिहिले असते तर प्रवाशांनी दोन दिवस गाड्या बंद धरल्या असत्या. म्हणजे रेघ अंदाज सांगते किंवा सांधा दाखवते, आणि ‘ते’ दोन टोके ठोकून देतो. आरक्षण, मुदत आणि वेळापत्रक या तिघांनाही टोकेच हवी असतात.

‘ते’चा दुसरा गुण यंत्राच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. मराठीत प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागताना शब्दाचे सामान्यरूप होते. प्रतिपदा असते, पण ‘प्रतिपदेपासून’. पौर्णिमा असते, पण ‘पौर्णिमेपर्यंत’. श्रावण असतो, पण ‘श्रावणापासून’. इंग्रजी महिने बिचारे मुकाट्याने ‘मार्चपर्यंत’ होतात, म्हणून चाचणीत सगळे ठीक दिसते आणि तिथी आली की साचा मोडतो. ‘ते’ मात्र दोन्ही बाजूंच्या शब्दांना हात लावत नाही. ‘प्रतिपदा ते पौर्णिमा’, ‘सोमवार ते शुक्रवार’, ‘१० ते १५ ऑगस्ट’: कोणताही शब्द आणून ठेवा, रूप बदलावे लागत नाही. साच्यात बसवण्यासाठीच घडवला असावा असा हा शब्द आपल्याकडे आयता आहे.

तिसरा गुण मोजणीचा. ‘१० ते १५ ऑगस्ट’ यात दोन्ही टोके धरली जातात, दिवस सहा. यंत्राचा हिशेब निराळा असतो. कार्यक्रम नोंदवण्याच्या, १९९८ मध्ये प्रमाणित झालेल्या आयकॅलेंडर पद्धतीत शेवटची तारीख कार्यक्रमाच्या बाहेर धरतात, त्यामुळे हेच सहा दिवस १० ते १६ असे नोंदले जातात. साठवण म्हणून ती रीत सोयीची आहे, कारण वजाबाकी करताच दिवस मिळतात. पण शिबिरासारखा पूर्ण दिवसांचा कार्यक्रम दाखवताना तो एक दिवस मागे घ्यायचे राहिले, की वाचकाला एक दिवस फुकट मिळतो आणि दारात गेल्यावर शिबिर संपलेले असते. मध्ये रेघ असली तर चूक नजरेतून निसटते. ‘ते’ लिहिणाऱ्याला ‘१६ धरून का?’ हा प्रश्न स्वतःला विचारावाच लागतो.

वेळेच्या बाबतीत तर नमुना उलटाच होतो. तारखेत सामायिक भाग मागे राहतो: ‘१० ते १५ ऑगस्ट’. वेळेत तो पुढे येतो: ‘सायंकाळी ६ ते ८’. प्रहर बदलला तर दोनदा सांगतो: ‘सकाळी १० ते दुपारी १’, ‘रात्री ११ ते पहाटे ४’. इंग्रजीत एएम-पीएम आकड्यांच्या मागे लागते, म्हणून त्या साच्यातून आलेल्या मराठीत ‘६ – ८ पीएम’ दिसते. पहाट, सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र हे भाग भांडारात मराठीसाठी नोंदलेले आहेत. कोठीत धान्य आहे, पानात वाढलेले नाही, अशी ही गत आहे.

यावर आक्षेप येतील. पहिला असा, की तारखा लिहिण्याचे आंतरराष्ट्रीय प्रमाणक, आयएसओ ८६०१, असताना भाषावार नमुने कशाला? ते प्रमाणक यंत्रांनी यंत्रांशी बोलण्यासाठी उत्तम आहे. त्यात कालावधीची दोन टोके तिरप्या रेषेने जोडतात. ती लग्नपत्रिकेत कोणी छापत नाही. साठवण एकसारखी ठेवा, दाखवताना भाषा येऊ द्या. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: वर्तमानपत्रे आणि पुस्तकेही कालावधीसाठी रेघ वापरतात, आणि वाचकांना ती कळते. खरे आहे. नावापुढच्या कंसातली जन्म-मृत्यूची वर्षे, कोष्टकांचे अरुंद रकाने, आलेखांची टोके इथे रेघच शोभते, आणि संदर्भ अर्थ सांभाळून घेतो. पण पडद्यावरच्या सूचनेला आगापिछा नसतो. तिथे अर्थ त्या चार शब्दांनाच पेलावा लागतो. शिवाय तोच मजकूर अंध वाचकासाठी मोठ्याने वाचला जातो, तेव्हा रेघ गाळली जाऊ शकते किंवा वजाबाकीचे चिन्ह होऊ शकते. ‘ते’ लिहिल्याप्रमाणेच उच्चारला जातो. तिसरा आक्षेप जागेचा आहे. ‘ते’ हे एकच अक्षर आणि दोन मोकळ्या जागा. एवढ्यासाठी पडदा अपुरा पडत नाही. चौथा आक्षेप, मराठी माणूस फोन इंग्रजीतच वापरतो, हा खरे तर माझ्याच बाजूचा पुरावा आहे. जो मराठी पडदा इंग्रजीच्या साच्यातून ओतलेला वाटतो, त्याकडे लोक पाठ फिरवणारच.

मग करायचे काय? आपल्यापैकी भाषांतरकारांनी ‘{}–{}’ असा, कंसांत तारखा भरायचा तुकडा आला की तो चिन्ह समजून पुढे ढकलू नये; ते वाक्य आहे असे समजून अनुवाद करावा. संगणकतज्ज्ञांनी रेघ स्वतःच्या हाताने दोन तारखांमध्ये चिकटवू नये, भाषेचा नमुना मागवावा. व्याकरणकार आणि संपादकांनी ‘ते’ कुठे, रेघ कुठे, प्रहर कुठे याची दोन पानी संहिता या परिषदेतच ठरवावी. सीएलडीआरमध्ये सूचना आणि मते घेतली जातात. तिथे मराठीच्या वतीने एकमुखी मागणी गेली, तर एक बदल असंख्य ॲपांत आपोआप पोहोचू शकतो. या परिषदेच्या पत्रिकेपासूनच सुरुवात करू. त्यात सत्रांच्या वेळा रेघेने छापल्या असतील तर पुढच्या वर्षी त्या ‘ते’ने छापाव्यात, एवढी विनंती करून मी थांबतो.