कंपनीचा सिंह

मरोळ नाक्याहून भुयारी मेट्रोनं ग्रँट रोड गाठलं, की चोरबाजार चालत. तिथं कुणी ‘कंपनी सरकारचं पिस्तूल’ दाखवलं, तर आधी चापावरची लोखंडी पट्टी पाहावी. ईस्ट इंडिया कंपनी पूर्वी तिथं हृदयाकृती ठसा उमटवी; 1808 पासून मुकुट धरलेला सिंह आला. म्हणजे सिंहाशेजारी 1795 साल दिसलं, की दुकानदाराच्या चहालाही नम्रपणे नाही म्हणावं!

नकलेतला सिंह कित्येकदा कुत्र्यासारखा दिसतो. तेजाबानं आणलेला गंज सगळीकडे सारखाच; वापरातल्या पिस्तुलाला मात्र रंजक (बार पेटवणारी दारू) पेटतं त्या भोकाभोवती जास्त खड्डे.

घासून चकचकीत केलं, की किंमत उतरलीच.

शंभरी ओलांडलेलं असं शस्त्र खासगी व्यक्तीला परदेशी विकता येत नाही. 1972 चा पुरावस्तू कायदा आडवा येतो.