अर्ज आणि तगादा



कापडे गावच्या या सभेचे अध्यक्षपद मला देताना चालकांनी एक सूचना केली. कलेविषयी मी मोकळेपणाने बोलावे, परंतु शासनाकडे धाडावयाच्या अर्जातील कचऱ्याच्या कलमाचा उच्चार टाळावा, कारण सरस्वतीच्या दरबारात उकिरड्याची चर्चा शोभत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ती सूचना मी अमान्य करतो.

ज्या सहाणेवर शिमग्यात पालखी बसते आणि जिच्यापुढे पायांत चाळ बांधून आमचे गडी जाखडीचा फेर धरतात, तिच्या मागे, पऱ्याच्या काठी, मी आज सकाळी उभा होतो. पावसाळ्यात चढलेले पाणी ओसरताना करंजाच्या फांद्यांत जागोजाग प्लास्टिकच्या पिशव्या अडकवून गेले आहे. त्यांखाली गेल्या कार्यक्रमाच्या थर्माकोलच्या ताटल्यांचा थर साचला आहे. पळसाच्या पत्रावळी आम्ही टाकत होतो तेव्हा त्यांची माती होत असे. या ताटल्यांची होणार नाही, आणि याच पऱ्याचे पाणी पुढे सावित्रीला मिळते. महाडच्या औद्योगिक वसाहतीतील सांडपाण्याविरुद्ध नदीकाठची गावे ओरडतात, ते रास्तच आहे. पण या ताटल्या कोणत्याही कारखान्यातून आलेल्या नाहीत.

कला आणि कचरा हे दोन विषय एकत्र कसे, असे विचारणाऱ्यांनी राज्यघटनेची अकरावी अनुसूची उघडावी. ७३व्या घटनादुरुस्तीने पंचायतींकडे सोपवण्याजोगे म्हणून जे २९ विषय तिथे नोंदले, त्यांत सांस्कृतिक कार्य २१वे आहे, आरोग्य व स्वच्छता २३वी, आणि मध्ये केवळ बाजार व जत्रा. जत्रेच्या एका अंगास कला आणि दुसऱ्या अंगास स्वच्छता, ही जी संगती संसदेच्या कागदावर उमटली, ती आमच्या सहाणेला ठाऊक नसावी काय?

आता अर्जाच्या भाषेविषयी. माझ्या हाती दिलेल्या मसुद्याचा आरंभ, मेहेरबान साहेबांनी कृपावंत होऊन गरिबांची दाद घ्यावी, असा होता. ते वाक्य मी खोडले आहे. अर्जांनी काय होते, असे म्हणणाऱ्यांशीही माझे भांडण आहे. याच महाड परिसरातील रावढळच्या गोपाळबाबा वलंगकरांनी, महारांना लष्कराची दारे बंद झाल्यावर, १८९४ साली सरकारसाठी अर्ज तयार केला. त्याने भरती लागलीच खुली झाली नाही, तरी अन्यायाची लेखी नोंद झाली. पुढे महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी चवदार तळे अस्पृश्यांस खुले असल्याचा ठराव केला. तो ठराव दप्तरात तसाच निजून राहिला, आणि २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारोंसह तळ्यावर जाऊन पाणी प्याले, तेव्हा कुठे त्या कागदात जीव आला. त्यावरचा दावा उच्च न्यायालयात निकाली निघायला १९३७ साल उजाडले. ठराव आणि ओंजळ यांच्यामध्ये तीन वर्षे गेली, ही गोष्ट मी विसरू शकत नाही.

एका कचेरीत मी स्वतः दिलेला अर्ज दोन वेळा गहाळ झाला, कारण पहिल्या दोन खेपांना मी आवक क्रमांकाची पोच मागितली नव्हती. म्हणून या अर्जाचा आधी ग्रामसभेत ठराव होईल, मग तो तालुक्याला जाईल, आणि दर महिन्याला पाचजण तगाद्यास जातील.

त्यातील एक कलम मला विशेष प्रिय आहे. वृद्ध कलावंतांच्या मानधनासाठी कलासेवेचे पुरावे लागतात, म्हणजे कात्रणे, प्रमाणपत्रे, छायाचित्रे. समोरच्या रांगेत बसलेल्या बुवांनी तरुणपणापासून रात्री जागवल्या, त्या कोणत्या वर्तमानपत्राने छापल्या? चाळांनी घोट्यावर पडलेले घट्टे, एवढाच त्यांचा दाखला आहे. ज्या ग्रामसभेने त्यांना नाचताना पाहिले, तिचा ठराव हाच पुरावा मानावा, ही आमची मागणी आहे, आणि ती याचना नाही.

कचऱ्याच्या कलमात ओला-सुका वेगळा गोळा करण्याची व्यवस्था, गाडी आणि जागा मागितली आहे. त्याखालीच, पुढल्या शिमग्यास सहाणेपुढे थर्माकोल येणार नाही, असे आपण लिहून देत आहोत; ज्यांना ते जड वाटते त्यांनी सही करू नये.

अर्ज या मेजावर आहे. पहिली सही मी केली आहे. बुवांनी अंगठ्यासाठी शाई मागितली आहे, ती कोणीतरी पुढे द्यावी.